वाचकांचे प्रश्न : गिधाडे नाहीत, मग मोजायचे काय?

प्रश्न : मी पर्यावरणशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गात शिकते. लघुप्रबंधासाठी गिधाडांच्या अभावाचे ग्रामीण भागावरील परिणाम हा विषय घेतला आहे. ‘गिधाडे नाहीशी झाल्यामुळे पर्यावरणावर व मानवी आरोग्यावर विपरीत परिणाम झाला आहे’ अशी परिकल्पना, म्हणजे तपासून पाहायचे विधान, मी लिहिली होती. ‘जे तिथे नाहीच, त्याचा परिणाम तपासणार कसा?’ असे विचारून मार्गदर्शकांनी ती परत केली. ती कशी मांडावी? (एक विद्यार्थिनी, नाशिक जिल्हा)

उत्तर : विषय सोडू नका, वाक्य मात्र बदला. तुमच्या परिकल्पनेची अडचण अशी आहे की, ती चुकीची ठरेल असा कोणताही पुरावा कल्पनेतसुद्धा आणता येत नाही. ‘पर्यावरण’ आणि ‘विपरीत परिणाम’ हे शब्द इतके ऐसपैस आहेत की, काहीही आढळले तरी ते त्यांत बसेल. अभावाविषयी परिकल्पना करताना आधी हे लिहून काढावे, की जे गेले ते कोणते काम करत होते, कुठे करत होते, केव्हा थांबले आणि ते काम आता कोणाकडे गेले. गिधाडांच्या बाबतीत या प्रश्नांची बरीच उत्तरे हाताशी आहेत, म्हणून तुमची निवड चांगली आहे असे मी म्हणेन.

राजस्थानातील भरतपूरच्या केवलादेव उद्यानातील गिधाडांची घट पक्षिशास्त्रज्ञ विभू प्रकाश यांनी १९९९ मध्ये नोंदवली. सुरुवातीला संशय संसर्गजन्य रोगावर होता. गुरांना वेदनाशामक म्हणून दिले जाणारे डायक्लोफिनॅक मृत जनावराच्या मांसातून गिधाडांच्या पोटात जाते आणि त्यांची मूत्रपिंडे निकामी होतात, हे पाकिस्तानातील अभ्यासातून २००४ मध्ये पुढे आले. भारताने २००६ मध्ये या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी घातली. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची भारतातील संख्या १९९२ ते २००७ या काळात ९९ टक्क्यांहून अधिक घटल्याचा अंदाज आहे.

या कारणमीमांसेचा तुम्हाला थेट उपयोग आहे. गावातील कुत्री, दवाखाने किंवा पाणी यांच्यातील कोणत्याही बदलामुळे गिधाडे मेली नाहीत. ती बाहेरून आलेल्या एका औषधाने मेली. त्यामुळे ‘आधी गावात बदल झाला आणि त्यामुळे गिधाडे गेली’ ही उलटी शक्यता बरीच मागे पडते. आयाल फ्रँक आणि अनंत सुदर्शन या अर्थशास्त्रज्ञांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हाच धागा पकडला. गिधाडांच्या अधिवासाला मुळातच अनुकूल असलेले जिल्हे आणि प्रतिकूल जिल्हे यांतील मृत्युदराची त्यांनी तुलना केली, आणि तीही डायक्लोफिनॅक स्वस्त होऊन गोठ्यात पोहोचण्याच्या आधीची व नंतरची. अनुकूल जिल्ह्यांत मृत्युदर चार टक्क्यांहून अधिक वाढला आणि २००० ते २००५ या काळात सुमारे पाच लाख अतिरिक्त मृत्यू झाले, असा त्यांचा अंदाज आहे. जिथे गिधाडे फारशी नव्हतीच, तिथे ती जाण्याचा परिणामही दिसू नये, ही या मांडणीतील कळीची अट आहे. तुमच्या परिकल्पनेतही अशी अट हवी, कारण परिणाम कुठे दिसू नये हे आधी सांगितले नाही तर तो सगळीकडेच दिसू लागतो.

मात्र लघुप्रबंधात मृत्युदराच्या वाटेला जाऊ नका. साखळी लांब आहे: गिधाडे गेली, मृत जनावर उघड्यावर अधिक काळ राहिले, कुत्र्यांना खाद्य मिळाले, कुत्री वाढली, चावे वाढले, रेबीज वाढला. प्रत्येक दुव्यावर दुसरी कारणेही काम करत असतात. भटक्या कुत्र्यांसाठी प्राणी जन्मनियंत्रण नियम २००१ मध्ये आले आणि मारण्याऐवजी नसबंदीचे धोरण ठरले. महाराष्ट्रात २०१५ पासून बैल व वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आली, त्यामुळे म्हाताऱ्या जनावरांचे काय होते हेही बदलले असणार. यांपैकी काहीच न पाहता दोन पशुगणनांमधील कुत्र्यांच्या आकड्यांचा फरक गिधाडांच्या खात्यावर टाकणे योग्य होणार नाही.

तुम्ही एकच दुवा घ्या. उदाहरणार्थ: ‘ज्या गावांच्या परिसरात गिधाडे आजही नियमित खाद्य शोधतात, तेथे उघड्यावर टाकलेल्या मोठ्या जनावराचे मांस, गिधाडे न दिसणाऱ्या तुलनीय गावांपेक्षा कमी वेळात संपते आणि त्यावर एका वेळी जमणाऱ्या कुत्र्यांची कमाल संख्याही कमी असते.’ शून्य परिकल्पना अशी की, दोन्ही प्रकारच्या गावांत हे काल व संख्या सारख्याच असतात. यात दिशा आहे, एकक आहे आणि हरण्याची शक्यता आहे. दोन पथ्ये मात्र पाळा. गिधाडे एका दिवसात कित्येक किलोमीटर हिंडतात, म्हणून गिधाडांच्या घरट्यांच्या वसाहतीपासून दहा किलोमीटरवरचे गाव ‘गिधाडांविना’ धरता येणार नाही. तसेच एकाच जागी टाकलेली दहा जनावरे म्हणजे दहा स्वतंत्र नमुने होत नाहीत, तुमचा नमुना गाव हा आहे. निरीक्षण वन विभागाची परवानगी घेऊन स्वयंचलित कॅमेऱ्याने करा. मांसावर जमलेल्या कुत्र्यांजवळ स्वतः जाऊ नका.

कुत्र्यांच्या चाव्यांचा भाग घ्यायचाच असेल, तर प्राथमिक आरोग्य केंद्रातील त्याच काळातील सर्पदंशाच्या नोंदीही पाहा. सर्पदंशाचा गिधाडांशी संबंध जोडण्याचे कारण नाही, त्यामुळे दोन्ही आकडे सारखेच चढत असतील तर वाढ बहुधा चाव्यांची नसून नोंदवहीतली, म्हणजे नोंदी अधिक होऊ लागल्याची, आहे.

प्रश्न : आमच्या तालुक्यात गिधाडे नाहीत, असे मी निश्चितपणे कसे लिहू? तीनदा जाऊन आलो, एकही दिसले नाही. (एक पक्षिनिरीक्षक, रायगड जिल्हा)

उत्तर : ‘दिसले नाही’ एवढेच लिहा, आणि किती वेळा, कुठे, किती तास पाहिले हे त्याच ओळीत लिहा. समजा, गिधाडे असताना एका फेरीत ती दिसण्याची शक्यता ४० टक्के आहे. तीन स्वतंत्र फेऱ्यांत ती एकदाही न दिसण्याची शक्यता २२ टक्क्यांच्या जवळ येते, आणि ती पाच टक्क्यांखाली आणायला सहा फेऱ्या लागतात. रायगडात फणसाड अभयारण्यासारखे गिधाडांचे माहीत असलेले ठिकाण आहे. तिथे आधी काही फेऱ्या करून दिसण्याचे प्रमाण काढा आणि मग आपल्या तालुक्यात किती फेऱ्या हव्यात ते ठरवा. सह्याद्रीत लांब चोचीची गिधाडे कड्यांवर घरटी करतात, तर पांढऱ्या पाठीची उंच झाडांवर. शोधाची जागा जातीनुसार बदलावी लागेल.

वृद्धांच्या आठवणी घेणार असाल तर ‘पूर्वी गिधाडे होती का?’ हा प्रश्न टाळा, कारण त्याचे उत्तर बहुतेक जण ‘होती की’ असेच देतात. मेलेले जनावर कोठे टाकत, कोण नेई, चामडे कोण सोडवी आणि किती दिवसांत नुसती हाडे उरत, असे विचारा. मोठा थवा एखादी गाय तासाभराच्या आसपास साफ करतो. त्यामुळे दुसऱ्या दिवशी हाडेच होती असे कोणी आपणहून सांगितले, तर त्या आठवणीला अधिक वजन आहे.

प्रश्न : गिधाडे परत आणली तर सर्व परिणाम उलटे फिरतील, अशी परिकल्पना करता येईल का? (एक शिक्षक, चंद्रपूर जिल्हा)

उत्तर : करता येईल, पण ती वेगळी परिकल्पना आहे आणि तिच्यावर माझा फारसा विश्वास नाही. रिकामी झालेली जागा कोणी घेतली यावर सारे अवलंबून असते. मुंबईच्या डुंगरवाडीत पारशी लोक मृतदेह ज्या दखम्यांत गिधाडांसाठी ठेवतात, त्यांच्या बंदिस्त जागेत गिधाडांचे काम कुत्र्यांकडे गेले नाही. तिथे सूर्याची उष्णता मृतदेहांवर एकवटणारे सौर संकेंद्रक बसवावे लागले. गावात मात्र कुत्र्यांना आज उकिरडा, हॉटेलांचे उरलेले अन्न आणि कोंबड्यांच्या दुकानांतील टाकाऊ भाग असे अनेक आधार मिळतात, त्यामुळे केवळ मृत जनावरांचे खाद्य कमी झाल्याने त्यांची संख्या घटेलच असे नाही. तुमच्या जिल्ह्यातील ताडोबात आणि शेजारच्या पेंचमध्ये हरियाणातील पिंजोरच्या गिधाड प्रजनन केंद्रातून २०२४ मध्ये गिधाडे आणण्यात आली आहेत. ती त्या परिसरात नियमित वावरू लागण्यापूर्वीचे कुत्र्यांचे आणि मृत जनावरांचे आकडे नंतर कोणालाही मिळणार नाहीत, म्हणून परिकल्पनेची भाषा पक्की होण्याची वाट न पाहता ते आत्ताच गोळा करायला लागा.