पोलिसांचे ट्रेनिंग व्हिडिओ गावात दाखवायला मागून आणता येतात का?

प्रश्न : नमस्कार काकाजी. मी घाटंजी तालुक्यातल्या एका गावची पोलीस पाटील आहे, नेमणुकीला दोन वर्षं झाली. मागच्या मीटिंगमध्ये ठाण्यात आम्हाला एक व्हिडिओ दाखवला, गावात चोरी झाली किंवा कोणाचा अकस्मात मृत्यू झाला तर पोलीस येईपर्यंत ती जागा कशी सांभाळायची याचा. लय चांगला होता, मले तर पहिल्यांदाच समजलं की आपण कुठं कुठं चुकत होतो. आमच्या ग्राम सुरक्षा दलाच्या पोरांनीही तो पाहावा असं वाटते. ठाणेदार साहेब म्हणाले जिल्ह्याच्या ठिकाणी ट्रेनिंगवाल्यांकडं असे व्हिडिओ असतात, तिथं विचारा. माझ्यासारखीला ते देतात का, पैसे लागतात का, आणि गावात टीव्हीवर लावला तर चालते का? पोरं म्हणतात ताई ग्रुपवरच टाका ना, काहून एवढा खटाटोप. – एक पोलीस पाटील, जि. यवतमाळ

उत्तर : ताई, तुमचं पत्र वाचून खरंच बरं वाटलं. नोकरीची शेवटची बरीच वर्षं मी पोलीस मुख्यालयातल्या ट्रेनिंगच्या खोलीत काढली, तिथलं कपाट माझ्याच ताब्यात होतं. आधी व्हीएचएसच्या कॅसेटी होत्या, मग सीड्या, मग डीव्हीड्या, आता सगळं हार्डडिस्कमध्ये. एवढ्या वर्षांत गावातून कोणी आपणहून व्हिडिओ मागायला आलं असं मोजकंच झालं, आणि त्यातही पोलीस पाटील कमीच, कारण त्यांना वाटतं हे आपल्यासाठी नाहीच. तसं अजिबात नाही. तुमचं पद १९६७ च्या महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियमातलं आहे, गुन्ह्याची खबर ठाण्याला देणं, गावातल्या शांततेला मदत करणं हे तुमचं कायद्यानं ठरलेलं काम आहे, तेव्हा त्या कामाचं शिक्षण मागताना लाजायचं काही कारण नाही.

पण अशी लायब्ररी गावातल्या वाचनालयासारखी नसते, की गेलं, कार्ड दाखवलं, घेऊन आलं. ती खात्याच्या माणसांसाठी असते, त्यामुळे बाहेर काही द्यायचं तर कोणाच्या तरी सहीवर द्यावं लागतं. तुम्ही एक साधा अर्ज लिहा, ठाणेदार साहेबांच्या मार्फत पोलीस अधीक्षकांच्या नावानं. विषय कोणता, कोणत्या तारखेला दाखवणार, कुठं, अंदाजे किती लोक, आणि परत कधी देणार एवढंच लिहा, लांबण लावू नका. सोबत ग्रामपंचायतीचं पत्र जोडलं तर बरं. माझ्याकडं असताना असा अर्ज आला की मी रजिस्टरला नोंद घ्यायचो, सात दिवसांची मुदत द्यायचो, एक रुपयाही घ्यायचो नाही. तुमच्या जिल्ह्यात मुदत वेगळी असू शकते पण वाट हीच, ठाण्यातून वर. थेट जाऊन खिडकीपाशी उभं राहिलात तर बिचारा तिथला शिपाई काय करणार, त्याच्या हातात देण्याचे अधिकारच नसतात.

आता मला जे मनापासून सांगायचंय ते सांगतो. व्हिडिओ एकटा आणू नका, सोबत माणूस आणा. अर्जातच लिहा की दाखवताना बीट जमादार किंवा ठाण्यातलं कोणीतरी हजर राहावं.

हे मी का म्हणतो त्याला कारण आहे. पुष्कळ वर्षांपूर्वी एका गावच्या पोरांनी माझ्याकडून प्रथमोपचाराची सीडी नेली होती. चांगली पोरं होती, सांगितल्या दिवशी परत आणून दिली, एक ओरखडा नाही. पण सीडी जुनी होती आणि त्यात साप चावला की वरच्या बाजूला दोरीनं घट्ट आवळा, ब्लेडनं चिरा द्या, असं दाखवलं होतं, त्या काळी तेच शिकवायचे. पुढच्या पावसाळ्यात त्याच गावात धुऱ्यावर गवत कापताना एका मजुराला घोणस चावली आणि पोरांनी सीडीत पाहिलं तसंच केलं, नाडा आवळला, आणि दवाखान्यात पोचेपर्यंत तो तसाच आवळलेला. माणूस वाचला, पण पायाची दोन बोटं काढावी लागली. पोरांचा काय दोष? त्यांनी तर मन लावून पाहिलं होतं. दोष माझा, मी ती सीडी कपाटात ठेवली आणि काही न बोलता हातात दिली. आज कोणताही डॉक्टर हेच सांगेल की आवळू नका, चिरू नका, चोखू नका, माणसाला धीर द्या, हात किंवा पाय हलणार नाही असा फळी लावून सैल बांधा, अंगठी-जोडवी काढा आणि १०८ ला फोन करून जिथं सर्पविषाची लस आहे त्या दवाखान्यात न्या. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चारही सापांवर ती एकच लस चालते, म्हणून साप मारून सोबत नेण्यात वेळ घालवू नका. सोबत जाणकार माणूस असता तर त्यानं तिथंच व्हिडिओ थांबवून सांगितलं असतं, की पोरांनो हे आता करत नाहीत. मी त्या दिवसापासून एकही डिस्क माणसाशिवाय गावात जाऊ दिली नाही.

कायद्याचंही तसंच झालंय. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाले. त्याच्या आधीचा कोणताही व्हिडिओ असेल तर त्यात खून म्हणजे ३०२ असणार, आता तो १०३ आहे. फसवणुकीचा ४२० आता ३१८ मध्ये गेला. खबर नोंदवायचं कलम १५४ होतं ते १७३ झालं, अकस्मात मृत्यूच्या चौकशीचं १७४ होतं ते १९४ झालं. ऑनलाइन फसवणुकीच्या व्हिडिओत १५५२६० नंबर सांगितला असेल तर तो जुना, आता १९३० आहे. गावातल्या पोराच्या डोक्यात एकदा चुकीचा नंबर बसला की ज्या रात्री खरंच कोणाच्या खात्यातून पैसे जातील त्या रात्री तो तोच लावत बसणार, आणि अशा फसवणुकीत पहिला तास-दोन तासच महत्त्वाचा असतो, पैसा पुढच्या खात्यात सरकायच्या आत थांबवायचा असतो. म्हणून व्हिडिओ हातात आला की आधी तो कोणत्या वर्षाचा ते पाहा. जुनी-नवी कलमं ताडून पाहायला राष्ट्रीय गुन्हे अभिलेख ब्युरोचं संकलन नावाचं मोबाईल ॲप आहे, ते पोरांच्या फोनमध्ये टाकून द्या.

तुम्ही पाहिलेला विषय, जागा सांभाळणं, हा तर आपल्याकडं फार मोलाचा आहे. नव्या कायद्यात सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात फॉरेन्सिकच्या लोकांनी जागेवर येऊन पुरावा गोळा करायची तरतूद आहे, राज्यांना ते लागू करायला पाच वर्षांपर्यंतची मुदत दिली आहे. विदर्भातल्या मोठ्या फॉरेन्सिक लॅब नागपूरला आणि अमरावतीला. तुमच्या गावापर्यंत गाडी यायला किती वेळ लागेल ते तुम्हीच जाणता, आणि तोवर ती जागा तुमच्या आणि तुमच्या पोरांच्या भरवशावर. तेव्हा पोरांकडून नुसतं पाहून घेऊ नका, करून घ्या. व्हिडिओ अर्ध्यावर थांबवा आणि समाजमंदिराच्या मागच्या अंगणात खोटी जागा तयार करा. ओल्या मातीत पायाचे ठसे उमटवा आणि विचारा, पाऊस आला तर काय करशील? ठशावर घमेलं किंवा टोपलं पालथं घालायचं, एवढं साधं असतं पण ऐनवेळी कोणाला सुचत नाही. बंडीचा दोर चारही बाजूंनी बांधायचा, आत जायला एकच वाट ठेवायची, आणि एकानं वही घेऊन कोण आलं किती वाजता आलं ते लिहीत बसायचं. फवारणीच्या औषधाची बाटली दिसली तरी उचलायची नाही, सांडलेलं धुवायचं नाही, फोटो काढून पाठवायचे नाहीत. पण जीव असण्याची जराशी जरी शक्यता असली तर हे सगळं बाजूला, आधी माणूस दवाखान्यात, हे पोरांना शंभरदा सांगा. पुरावा पुसला गेला म्हणून कोणी त्यांना बोलणार नाही.

ग्रुपवर टाकायचं तेवढं मात्र करू नका ताई. पोरांचं म्हणणं समजते, तालुक्याला जाऊन यायचं म्हणजे एक दिवस जातो, मजुरी बुडते. पण या कपाटात तीन तऱ्हेचं सामान असतं. एक जनजागृतीचं, सायबर फसवणूक, रस्ते अपघात, व्यसन, हे सगळ्यांनी पाहावं म्हणूनच बनवलेलं असतं. दुसरं पोलिसांच्या कामाचं, तपास कसा करतात, ठसे कसे घेतात, ते खात्यातच राहावं कारण ज्याला ठसे लपवायचेत तोही ग्रुपवर असतोच. आणि तिसरं खऱ्या केसचं, ज्यात खरी माणसं दिसतात. अत्याचार झालेल्या बाईची ओळख उघड करणं हा न्याय संहितेच्या कलम ७२ प्रमाणे गुन्हा आहे, लहान मुलांच्या बाबतीत पोक्सोचं कलम २३ आहे. व्हिडिओत चेहरा झाकला असला तरी आपल्याकडं गाव कोणतं, घर कोणतं हे लोक पाठीमागच्या लिंबाच्या झाडावरून ओळखतात. त्या पोरीचं उभं आयुष्य त्याच गावात जायचं असतं. म्हणून तिसरं सामान मागूच नका आणि चुकून आलं तर लावू नका. जनजागृतीवालं मात्र ग्रुपवर टाकायला हरकत नाही, केंद्रीय गृह मंत्रालयाच्या सायबरदोस्त या नावानं असे छोटे व्हिडिओ निघतात, ते सगळ्यांसाठी खुलेच आहेत.

दाखवायचं गावात टीव्हीवरच दाखवा, पेनड्राइव्ह लावून आधी एकदा घरी चालवून पाहा. वेचणीच्या दिवसांत ठेवू नका, बाया थकून येतात. लाईन जाण्याची वेळ तुम्हाला ठाऊक आहेच. वीस-पंचवीस माणसं पुरे, जास्त झाली की मागच्याला ऐकू येत नाही आणि तो मोबाईल काढतो.

प्रश्न : सर मी दर्यापूर तालुक्यातला आहे, पोलीस भरतीची तयारी करतोय. एका क्लासवाल्यानं सांगितलं त्याच्याकडं ट्रेनिंग सेंटरचे खरे व्हिडिओ असलेला पेनड्राइव्ह आहे, २ हजारात. घेऊ का? अकोल्याच्या ट्रेनिंग सेंटरच्या लायब्ररीतून असं काही मिळते का? – एक उमेदवार, जि. अमरावती

उत्तर : नको घेऊ बाबू. ट्रेनिंग सेंटरमध्ये जे शिकवतात ते निवड झाल्यावर, तेव्हा ते तुला फुकट मिळेल आणि उस्ताद स्वतः शिकवतील. अकोल्याला काय, नागपूरला काय, तिथली लायब्ररी आत असलेल्या प्रशिक्षणार्थींसाठी असते. आणि खरंच कोणी आतले व्हिडिओ बाहेर काढून विकत असेल तर तो चुकीचं काम करतोय, अन् ज्या खात्यात तुला जायचंय त्याची चोरलेली वस्तू विकत घेऊन सुरुवात करू नको. तुझी परीक्षा ५० मार्कांचं ग्राउंड आणि १०० मार्कांची लेखी. १६०० मीटर, १०० मीटर, गोळाफेक. गोळा ७ किलो २६० ग्रॅमचा असतो, गावात पोरं पाच किलोच्या दगडावर सराव करतात आणि मैदानात हात अडकतो, म्हणून त्या २ हजारातून चार पोरांत मिळून एक खरा गोळा घ्या. पाहायचाच असेल तर स्वतःचा व्हिडिओ पाहा, मित्राला बाजूनं काढायला सांग, गोळा सुटताना कोपर खाली पडतंय का ते दिसते. ते तुला कोणत्याच पेनड्राइव्हमध्ये मिळणार नाही.

प्रश्न : आमच्या गावच्या वाचनालयाला काही वर्षांपूर्वी पोलिसांकडून डीव्हीडीचा एक डबा मिळाला होता, अपघात, सर्पदंश, व्यसनमुक्ती असे विषय. आता काही अडकतात. टाकून द्याव्या का? – ग्रंथपाल, जि. बुलढाणा

उत्तर : लगेच टाकू नका. बऱ्याचदा नुसती धूळ आणि बोटांचे ठसे असतात. मऊ सुती कापड किंचित ओलं करून मधल्या भोकाकडून बाहेरच्या कडेकडं सरळ पुसा, गोल गोल पुसलं की ओरखडा वाचायच्या रेषेतच पडतो आणि ती आणखी अडकते. आपल्याकडच्या मे महिन्यात टिनाच्या खोलीत किंवा गाडीच्या डिक्कीत डिस्क वाकते, मग ती काही सरळ होत नाही. डबीत उभ्या ठेवा, भिंतीपासून दूर, पावसाळ्यात भिंतीला ओल येते. ज्या चालतात त्यांची प्रत काढायची असेल तर आधी ज्यांनी दिल्या त्यांना पत्र लिहून विचारा, वाचनालयाच्या कामासाठी म्हटलं की बहुतेक हो म्हणतात. समृद्धी महामार्ग झाल्यापासून तुमच्या भागात अपघाताचा विषय लोकांच्या जवळचा झालाय, ती डिस्क चांगली असेल तर जरूर लावा, फक्त सोबत हे सांगा की २०१९ च्या मोटार वाहन कायद्यातल्या दुरुस्तीनं जखमीला मदत करणाऱ्याला संरक्षण दिलंय, त्याला नाव सांगायचीही सक्ती नाही, जुन्या डिस्कमध्ये हे नसणार आणि लोक अजूनही पोलिसांच्या भानगडीच्या भीतीनं गाडी थांबवत नाहीत. सर्पदंशाची डिस्क मात्र आधी स्वतः पूर्ण पाहा, त्यात पाय आवळताना दाखवला असेल तर ती त्याच दिवशी डब्यातून काढून ज्यांनी दिली त्यांना परत द्या, का परत देताय ते चिठ्ठीवर लिहून.