काउबॉय लोक उघड्या आगीवर बिडाच्या भांड्यांत काय आणि कसं शिजवायचे? आपल्याकडे करून बघता येईल का?

आधी एक गैरसमज काढून टाकू. जाळावर काहीही शिजवत नाहीत. जाळ असतो तो निखारे पाडायला. स्वयंपाक सगळा निखाऱ्यांवर. वेस्टर्न सिनेमात दिसतो तसा भडकलेल्या आगीवर टोप ठेवला तर खाली कोळसा आणि वर कच्चं, एवढंच हाती लागतं. हे वाचून सांगत नाही, करून बसलोय.

मी मूळचा सांगलीकडचा, गेली बारा वर्षं वेस्ट टेक्ससमध्ये लबकजवळ राहतो. शेजारी पंचाहत्तरीचे एक गृहस्थ आहेत. त्यांच्याकडे जुनी लाकडी चकवॅगन, म्हणजे काउबॉयांच्या स्वयंपाकाची गाडी, आहे आणि आम्ही पाच-सहा जण त्यांच्याबरोबर इथल्या चकवॅगनच्या स्पर्धांना जातो. आमच्या गाडीवर पन्नासेक माणसांचं जेवण रांधायचं असतं, तेही गॅस-बिस न वापरता. पहिली दोन वर्षं मला फक्त लाकडं फोडायला आणि भांडी घासायला ठेवलं होतं. तिसऱ्या वर्षी बिस्किटं हातात आली. त्याचं पुढे सांगतो.

‘चक’ म्हणजे त्या बोलीत जेवण. १८६५ साली इथलं यादवी युद्ध संपलं तेव्हा टेक्ससमध्ये लांब शिंगांची गुरं मोकाट वाढलेली होती. इथे त्यांना भाव नव्हता, उत्तरेत होता, आणि मधे रेल्वे नव्हती. मग दोन-तीन हजार गुरांचा कळप दहा-बारा माणसांनी दिवसाला पंधरा-वीस किलोमीटर चालवत न्यायचा, असे दोन-तीन महिने. १८६६ साली चार्ल्स गुडनाइट आणि ऑलिव्हर लव्हिंग हे टेक्ससमधले दोन गुरांचे व्यापारी असाच कळप घेऊन न्यू मेक्सिकोकडे निघाले. तेव्हा गुडनाइटने सैन्याची जुनी गाडी घेऊन तिच्या मागच्या बाजूला खणाखणांचं लाकडी कपाट बसवून घेतलं. कपाटाचं दार बिजागरीवर खाली पडतं, त्याला एक पाय लावला की तेच स्वयंपाक्याचं टेबल. आत पीठ, मीठ, सोडा, कॉफी, सुकवलेली सफरचंदं, शिवाय वस्तरा आणि औषधाच्या बाटल्या, कारण न्हावी आणि वैद्यही तोच. आपल्या मिसळणाच्या डब्याचा थोरला भाऊ म्हणा.

गाडीच्या पोटाखाली एक वाळवलेलं कातडं झोळीसारखं टांगलेलं असायचं. वाटेत मिळेल ते सरपण त्यात टाकायचं. जिथे मैलोन्मैल झाड नाही तिथे सरपण म्हणजे वाळलेलं शेण. इंग्रजीत त्याला काहीतरी चिप्स-बिप्स म्हणतात, पण आपल्याकडे नेमका शब्द आहे: रानशेणी. हाताने थापलेली गोवरी नव्हे, रानात पडल्या जागी वाळलेली. माझ्या आजीला हे सांगायला मिळालं असतं तर अमेरिकेबद्दलचा तिचा आदर जरा खाली आला असता.

आता आग. हा सगळा मुलूख सपाट आणि वारा अखंड, म्हणून जमिनीवर शेकोटी पेटवत नाहीत. लांबट चर खणतात. एका टोकाला जाळ चालू ठेवायचा, दुसऱ्या टोकाला फावड्याने निखारे ओढून घ्यायचे आणि भांडी तिथे. चरावर दोन लोखंडी खांब आणि आडवी सळई असते, तिला एसच्या आकाराचे आकडे. कॉफीची किटली आणि पाण्याचा हंडा त्यांना टांगलेला. लाकूड इथलं मेस्कीट. आपल्याकडे सोलापूर-मराठवाड्याच्या माळावर जी वेडी बाभूळ माजलीय, तिची ही सख्खी बहीण, एकाच जातकुळीतली. शेतकऱ्याला दोघींचाही सारखाच वैताग, पण निखारा असा की ज्याचं नाव ते. तास-दीड तास तसाच फुललेला राहतो.

भांडं म्हणजे डच ओव्हन. जाड बिडाचं, तीन पायांचं, उचलायला कडी, आणि झाकणाला कडेने बोटभर उंच काठ. तो काठ कशासाठी, तर झाकणावर निखारे ठेवता यावेत, घसरू नयेत. खाली निखारे, वर निखारे, मधे भट्टी. आपल्याला ही कल्पना नवी नाहीच. श्रावणात सीकेपी घरांतलं निनाव, कोकणातलं धोंडस, गोव्याचं बेबिंक, सगळी झाकणावर निखारे ठेवूनच भाजली जायची. फक्त आपण ते सणासुदीला करायचो आणि या लोकांची रोजची भाकरी त्यावर होती.

ती भाकरी म्हणजे बिस्किट. पार्ले-जी डोळ्यांसमोर आणू नका. वरून खरपूस, आतून मऊ, छोट्या पावासारखं. पीठ आंबवलेलं. विरजणासारखं आंबवण एका लाकडी पिंपात असायचं, दिवसा ते उन्हाला ठेवायचं आणि कडाक्याच्या थंडीत स्वयंपाकी ते अंथरुणात घेऊन झोपायचा. पिठात खळगा करायचा, त्यात आंबवण, मीठ, सोडा आणि चरबी घालून कडेकडेने पीठ ओढत गोळा करायचा. लिंबाएवढे गोळे वितळलेल्या चरबीत बुडवून गरम भांड्यात एकमेकांना चिकटून लावायचे. भांडं आणि झाकण दोन्ही आधी तापलेलं हवं.

आणि इथे माझी फजिती. बारा इंची भांड्याला कोळशाच्या विकतच्या वड्या वापरल्या तर साधारण चोवीस लागतात, नऊ खाली आणि पंधरा वर. म्हणजे वर जास्त. का, तर तळ निखाऱ्यांच्या थेट तोंडावर असतो आणि वरच्या उष्णतेला मधली पोकळी ओलांडायची असते. हे मला तोंडपाठ होतं. पण लाकडाचे निखारे काही मोजून येत नाहीत. मी चांगलं भरलेलं फावडं भांड्याखाली सारलं आणि ऐटीत उभा राहिलो. दहाव्या मिनिटाला वास आला. आकड्याने झाकण उचललं, ते तिरकं झालं, राख आत. वरून बिस्किटं पांढरीफटक, खालून डांबर. आजोबांनी (मी मनात त्यांना आजोबाच म्हणतो) एक उचललं, सुरीने तळ खरवडला, राख फुंकली, उरलेलं खाल्लं आणि म्हणाले, “फावडं मोठं घेतलंस.” बस. त्यानंतर मी हात वापरतो. झाकणाच्या वर वीतभर अंतरावर तळहात धरायचा आणि मनात आकडे मोजायचे. सहा-सातपर्यंत हात टिकला तर बिस्किटांना ताव बरोबर. तीनलाच ओढून घ्यावा लागला तर निखारे कमी करा. शिवाय दर पाच मिनिटांनी भांडं पाव वळसा एका दिशेला आणि झाकण पाव वळसा उलट दिशेला फिरवायचं, कारण बीड उष्णता धरून ठेवतं पण सगळीकडे सारखी पसरवत नाही. जिथे निखारा, तिथे डाग.

बिडाबद्दल दुसरा धडा महागात पडला. गरम भांड्यात गार पाणी ओतलं आणि टण्‌ असा आवाज आला. भांडं दुसऱ्याचं होतं. नवीन घेऊन द्यावं लागलं, वर महिनाभर टोमणे.

बीन्सचं काम सोपं आणि लांबलचक. इथे पिंटो बीन्स असतात. पिंटो म्हणजे स्पॅनिशमध्ये ठिपकेवाला. भिजवायच्या, खारवलेल्या डुकराच्या मांसाचा तुकडा टाकायचा आणि भांडं निखाऱ्यांच्या कडेला ढकलून तास न् तास विसरायचं. पाणी कमी झालं तर गरमच घालायचं. मसाला जवळपास नाहीच. गुरं हाकायची विद्या मेक्सिकन वाकेरोंची, म्हणजे तिथल्या गुराख्यांची, मिरचीही त्यांच्याचकडून आली, पण कळपाबरोबरच्या रोजच्या भांड्यात मीठ आणि चरबी यांवरच भागायचं. इथल्या पोरांना मी माझ्या वाटणीच्या बीन्समध्ये कांदा-लसूण मसाला टाकताना दिसलो की ती घाबरतात.

मग गोमांस? हजारो गुरं हाकणारी माणसं ते फार कमी खायची, हे ऐकून मलाही नवल वाटलं होतं. हिशेब साधा आहे: गुरं मालकाची, विकायची, आणि उन्हात एक जनावर कापलं तर दहा-बारा जणांना संपत नाही. मारलंच एखादं वासरू, तर काळीज, हृदय, जीभ, मेंदू आणि दूधपित्या वासराची आतडी आधी शिजवायची, कारण ते टिकत नाही. त्या रश्शाला सन ऑफ अ गन स्ट्यू म्हणतात. खरं नाव आईवरून शिवी आहे, बायकामाणसांसमोर ती सौम्य केलेली. वजडी खाणाऱ्याला त्यात काही विशेष वाटू नये. गोडात सुक्या सफरचंदांचा पाय, किंवा भात, साखर, मनुका असं एकत्र शिजवलेलं ‘स्पॉटेड पप’, म्हणजे ठिपक्यांचं कुत्र्याचं पिल्लू. आपला साखरभातच, पण केशराचं नाव नको आणि कुत्र्याचं चालतं.

कॉफीशिवाय मात्र कोणी हलायचं नाही. पूर्वी कच्च्या बिया मिळायच्या, त्या तव्यात भाजाव्या लागत, निम्म्या करपत. पिट्सबर्गच्या जॉन आर्बकलने भाजलेल्या बियांवर अंडं आणि साखरेचा लेप द्यायची युक्ती काढली, १८६८ साली तिचं पेटंट घेतलं, आणि पौंडाच्या पुड्यांत ती कॉफी पश्चिमेकडे विकली. प्रत्येक पुड्यात पेपरमिंटची एक कांडी असायची. स्वयंपाकी ओरडायचा, कांडी कोणाला हवी? जो धावेल त्याने गाडीला ठोकलेल्या चक्कीवर कॉफी दळायची. गुरांच्या मागे जिवावर उदार होणारे रांगडे गडी पेपरमिंटच्या एका कांडीसाठी भांडायचे, हे मला फार आवडतं. गाळ खाली बसवायला किटलीत शेवटी गार पाण्याचा हबका मारायचा. आम्ही अजून तसंच करतो.

या स्वयंपाक्याचा पगार साध्या काउबॉयच्या जवळपास दुप्पट असायचा आणि रुबाब त्याहून जास्त. त्याला कुकी म्हणत, किंवा कोसिनेरो या स्पॅनिश शब्दावरून कूसी. कितीतरी जण कृष्णवर्णीय किंवा मेक्सिकन होते. घोडा चुलीच्या वाऱ्याच्या अंगाने आणायचा नाही, कारण धूळ जेवणात जाते. गाडीच्या चाकाला बांधायचा नाही. त्याच्या टेबलाला हात लावायचा नाही. कॉफी घ्यायला उठलेल्याला कोणी “मॅन ॲट द पॉट!” अशी हाक दिली तर त्याने सगळ्यांचे कप भरायचे. आणि झोपायच्या आधी कुकी गाडीची दांडी ध्रुवताऱ्याकडे वळवून ठेवायचा, म्हणजे उद्या ढग आले तरी उत्तर कुठे ते कळावं. टेक्सस सरकारने २००५ साली चकवॅगनला राज्याचं वाहन आणि बिडाच्या डच ओव्हनला राज्याचं स्वयंपाकाचं भांडं ठरवलं. जरा अतीच, पण दुसरं काय ठरवणार होते?

आता तुमचा दुसरा प्रश्न. येईल की. डच ओव्हन विकत घ्यायची गरज नाही. बिडाची खोलगट कढई, तीन विटांवर. झाकण म्हणून जड लोखंडी तवा सरळ ठेवा, त्याच्या खळग्यात निखारे बसतात. फट राहत असेल तर कणकेची वळी लावून बुजवा. नवी कढई असेल तर आधी धुऊन, वाळवून, तेलाचा अगदी पातळ हात फिरवून धूर येईपर्यंत तापवा, असं चार-पाच वेळा. तेल जास्त झालं तर चिकट थर बसतो.

आंबवण्याच्या नादाला पहिल्या दिवशी लागू नका. दोन वाट्या मैद्याला दोन चहाचे चमचे बेकिंग पावडर, चिमूट सोडा, मीठ, चार चमचे थंड लोणी बोटांनी चोळून घ्या आणि ताकात जेमतेम गोळा होईल इतकं भिजवा. मळू नका, मळलं की चामडं होतं. गोळे तूप लावलेल्या तापल्या कढईत, खाली थोडे निखारे, वर भरपूर, पंधरा ते वीस मिनिटं.

बीन्ससाठी चित्रा राजमा घ्या, पिंटोच्या सगळ्यात जवळ तोच. रात्रभर भिजवा, ते पाणी टाका, नव्या पाण्यात आधी दहा मिनिटं खळखळून उकळा. ही पायरी चुकवू नका. कच्चा राजमा नुसत्या मंद आचेवर ठेवला तर त्यातलं विषारी द्रव्य मरत नाही आणि पोट बिघडतं. मग कडेच्या निखाऱ्यांवर दोन-तीन तास. मांस नको असेल तर तेलात कांदा परतून घाला. शेवटी चमचाभर काकवी. काउबॉयही मोलॅसिस ओतायचेच, आणि काकवीच्या बाबतीत आम्ही सांगलीकर त्यांना हार जाणार नाही. टोमॅटो घालायचा तर राजमा शिजल्यावरच आणि लगेच दुसऱ्या भांड्यात काढा, आंबटाने कढईवरचा तेलाचा थर जातो.

हे शेतात किंवा मोकळ्या अंगणात करा. फ्लॅटच्या बंद गॅलरीत कोळसा पेटवू नका, त्याचा वायू वासाशिवाय जीव घेतो. आमच्याकडेही कोरड्या दिवसांत आग पेटवायला बंदी लागते, मग चरापाशी नुसते बसून राहतो. आणि एक छोटी केरसुणी जवळ ठेवा. तवा उचलायच्या आधी त्यावरची राख झाडून घ्यायची, मग दोन्ही हातांनी, चिमट्यांनी, सपाट उचलायचा.