‘परमनंट’ची नोंद पुन्हा लिहिण्याआधी

अनेक उत्तम आशीर्वाद.

इंग्रजी-मराठी कोशासाठी केलेली तुझी ‘परमनंट’ची नोंद आणि सोबतची चिठ्ठी मिळाली. नोंदीत ‘कायम, स्थायी, चिरस्थायी, शाश्वत, नित्य, अक्षय’ असे सहा शब्द ओळीने मांडले आहेस. चिठ्ठीत विचारलं आहेस, की मुळात ‘शेवटपर्यंत राहणारं’ असा अर्थ असेल तर परमनंट नोकरी जाते कशी, आणि दुष्फेन, म्हणजे साबणाला फेस येऊ न देणाऱ्या, पाण्याचा परमनंट दुष्फेनपणा धुण्याच्या सोड्याने निघतो कसा. लोक शब्द चुकीचा वापरतात का? प्रश्न चांगला आहे. सहा शब्दांची माळ मात्र आधी खोड. आपला गोंधळ मिटला नाही म्हणून तो वाचकाच्या पदरात टाकायचा नसतो.

तू अडकली आहेस ती व्युत्पत्तीत, म्हणून ती आधी संपवू. लॅटिनमध्ये ‘मानेरे’ म्हणजे राहणं, मुक्काम करणं. त्याला ‘पेर’ हा उपसर्ग लागला, म्हणजे आरपार, शेवटपर्यंत. तिथून फ्रेंचच्या वाटेने पंधराव्या शतकाच्या सुमारास शब्द इंग्रजीत आला. ‘रिमेन’, ‘मॅनर’ आणि मुंबईतल्या जुन्या इमारतींच्या पाटीवरचं ‘मॅन्शन’ ही त्याच ‘मानेरे’ची लेकरं. ‘मॅन्युअल’ या घरातला नाही. तो हात या अर्थाच्या ‘मानुस’वरून आला. ‘परमिट’मध्ये ‘पेर’ आहे, पण पुढचं क्रियापद पाठवण्या-सोडण्याचं आहे. ‘इम्मनंट’, म्हणजे आत वसणारा, हा याचा सख्खा. ‘इमिनंट’, म्हणजे येऊन ठेपलेला, याचा कोणीच नाही, आणि प्रुफं तपासताना हे दोघे एकमेकांच्या जागी बसलेले हमखास सापडतात. व्युत्पत्ती दोन ओळींत लिही आणि पुढे चल. लॅटिन लोक या शब्दाने काय म्हणत होते, त्यावरून कारखान्याच्या हजेरीपटावर त्याचा अर्थ काय होतो हे ठरत नाही.

आता माझा हट्ट ऐक. ‘परमनंट’च्या समोर कोणीतरी तात्पुरतं उभं असतं. ते कोण, हे आधी शोधायचं. ते सापडेपर्यंत मराठी शब्द लिहायचा नाही.

रेल्वेचा ‘परमनंट वे’ घे. मार्ग बांधताना माती आणि दगड वाहून न्यायला कंत्राटदार हलके, कच्चे रूळ टाकत. भराव बसले, पूल झाले, की ते उचलून त्या जागी गाड्यांसाठी पक्का मार्ग अंथरत. त्या कच्च्या रुळांच्या समोरचा तो परमनंट वे. रूळ, स्लीपर, दोघांना जखडणारं बंधन-साहित्य आणि खालची खडी, हे सगळं मिळून तो होतो. यातली एकही वस्तू कायमची नाही. रूळ झिजतात, त्यांना तडे जातात, ते बदलतात. लाकडी स्लीपर जाऊन काँक्रीटचे आले. खडीत माती साचली की पाण्याचा निचरा थांबतो आणि मार्ग खचायला लागतो, म्हणून खडी काढून, चाळून पुन्हा भरावी लागते. हे सगळं करणाऱ्या विभागाला रेल्वेत आजही ‘पी-वे’च म्हणतात. इथे तुझं ‘शाश्वत’ बसतं का सांग. ‘पक्का’ बसतो, कारण समोर ‘कच्चा’ होता.

नोकरीचंही तसंच. १९४६ च्या औद्योगिक रोजगार कायद्याखालचे नमुना स्थायी आदेश, म्हणजे कामगारांच्या नोकरीच्या अटींचे नमुना नियम, काढून वाच. त्यात कामगारांचे प्रकार दिले होते: परमनंट, प्रोबेशनर, बदली, टेम्पररी, कॅज्युअल आणि अप्रेंटिस. गिरणीतला ‘बदली’ हा शब्द जसाच्या तसा इंग्रजी कायद्यात गेला होता, हे तुझ्या कार्डावर अवश्य नोंद. गिरणीत ‘परमनंट’च्या समोर हा बदली कामगार होता, जो दुसरा कोणी गैरहजर असेल त्या दिवशी त्याच्या जागेवर उभा राही. परमनंटला कामावरून काढताच येत नव्हतं असं नाही. मासिक पगार असेल तर एक महिन्याची नोटीस द्यावी लागे, किंवा तिच्याऐवजी पगार. म्हणजे या वाक्यात ‘परमनंट’ हा नोटिशीचा हक्क सांगतो, आयुष्याची हमी नाही. कोणीही शब्द चुकीचा वापरलेला नाही.

इतिहासातलं ‘परमनंट सेटलमेंट’ तू ‘शाश्वत व्यवस्था’ केलंस. का? गव्हर्नर-जनरल कॉर्नवॉलिसने १७९३ मध्ये बंगालात जे कायम केलं, ती त्याआधी दहा वर्षांसाठी ठरवलेली आकारणी होती. समोर काय आहे? दहा वर्षांची मुदत. आणि कायम काय झालं? जमीनदाराने सरकारला भरायची रक्कम. रयतेने जमीनदाराला द्यायचा खंड तसा बांधला गेला नाही, आणि जमीनदारही कायम राहिला नाही: ठरल्या दिवशी सूर्यास्तापर्यंत भरणा झाला नाही की जमीनदारी लिलावात जायची. आपल्या पाठ्यपुस्तकांतला ‘कायमधारा’ हा शब्द म्हणूनच इतका नेमका आहे. धारा म्हणजे जमिनीवरची सरकारी आकारणी, आणि कायम झाला तो धाराच. ज्याने हा शब्द बसवला त्याने आधी नाम पाहिलं. तू विशेषण पाहिलंस.

पाण्याचं उत्तर एका ओळीत देता येतं. समोर आहे उकळण्याने जाणारा दुष्फेनपणा. बायकार्बोनेटांमुळे आलेला उकळून जातो, सल्फेट-क्लोराइडांमुळे आलेला जात नाही, म्हणून तो परमनंट. सोडा घातला की त्याचाही साका खाली बसतो. दुधाच्या दातांसमोरचे परमनंट दात पडतात हे तर घरात बघतेसच.

विज्ञानातली दोन उदाहरणं मात्र नोंदीत हवीतच. मायकेल फॅराडेने १८४५ पर्यंत बहुतेक ज्ञात वायू द्रवरूप करून दाखवले, पण ऑक्सिजन, हायड्रोजन, नायट्रोजन, कार्बन मोनॉक्साइड, नायट्रिक ऑक्साइड आणि मिथेन हाती लागले नाहीत. त्यांना ‘परमनंट’ वायू म्हणायला लागले. १८७७ मध्ये ऑक्सिजनचे थेंब मिळाले, १८९८ मध्ये शास्त्रज्ञ जेम्स ड्यूअरने हायड्रोजनही द्रवरूप केला. इथे परमनंटचा अर्थ ‘आमच्याकडच्या दाबाला आणि थंडीला अजून न बधलेला’ एवढाच होता. दुसरं ‘पर्माफ्रॉस्ट’. भूवैज्ञानिक सीमन मुलरने १९४३ मध्ये ‘परमनंट’ आणि ‘फ्रॉस्ट’ जोडून तो घडवला. व्याख्येप्रमाणे सलग दोन वर्षं शून्य अंश सेल्सियस किंवा त्याखाली राहिलेली जमीन म्हणजे पर्माफ्रॉस्ट. दोन वर्षं! समोर आहे उन्हाळ्यात वितळणारा वरचा थर. हे कळलं की ‘पर्माफ्रॉस्ट वितळतोय’ या वाक्यात विरोध दिसत नाही.

आता काम. निदान तीस वाक्यं जमव. कायद्यातली, रेल्वेतली, दवाखान्यातली, शाळेतली. एका कार्डावर एकच वाक्य. खाली चार गोष्टी लिही: परमनंटपुढचं नाम, समोरचं तात्पुरतं, ते संपवण्याचा अधिकार किंवा उपाय कोणाकडे, आणि वाक्याचं साल. मग कार्डांचे गठ्ठे समोरच्या तात्पुरत्याप्रमाणे लाव. सालाप्रमाणे आधी लावलेस तर रेल्वे आणि महसूल एकत्र पडतील आणि पुन्हा सहा शब्दांची माळ तयार होईल. सालं गठ्ठ्याच्या आत वापर. महापालिकेची ‘स्थायी समिती’ यात आणू नकोस; तिथे मूळ शब्द ‘स्टँडिंग’ आहे.

या हट्टापायी मला कटकट्या म्हणतात. म्हणोत. नोंद लांबली की पहिली कात्री वाक्यांवर चालते आणि समानार्थी शब्द मात्र सुरक्षित राहतात, याची मला फार हळहळ वाटते. घाईतला भाषांतरकार पहिला शब्द उचलतो, आणि उद्या एखाद्या करारपत्रात ‘शाश्वत कर्मचारी’ छापून येतो. मी नोंदी परत पाठवतो त्या एवढ्यासाठी. तुझी पाठवतोय, कारण प्रश्न विचारायचं तुला सुचलं. बाकीच्यांना माळेत काही खटकलंसुद्धा नसतं.

‘पर्पेच्युअल’ आणि ‘पेरेनिअल’ला अजून हात लावू नकोस. आधी ‘परमनंट वे’चं कार्ड पूर्ण कर आणि तेवढंच पाठव. रुळांच्या बंधन-साहित्याची मराठी नावं कोशातून उचलू नकोस. कामावरच्या माणसांना विचारून, ते म्हणतात तशीच लिही.