इंदूरजवळच्या यशवंत सागर तलावात बास माशासाठी गळ टाकला होता, लाल पोटाचा दातवाला मासा लागला. हा पिरान्हा आहे का?

नाही, पिरान्हा नाही. ताटासारखं गोल चपटं अंग, बारीक चंदेरी खवले, गळ्यापासून पोटापर्यंत तांबूस रंग आणि "अगदी माणसासारखे दात" असं तुम्ही लिहिलंय, त्यावरून हा रूपचंद. इंदूरच्या मासळी बाजारात पाटीभर पडलेला असतो. तिथे तो बर्फावर तोंड मिटून असतो म्हणून त्याच्या दातांकडे कुणाचं लक्ष जात नाही, आणि जिवंत रूपचंद हातात आला की भलेभले दचकतात.

तुमच्या प्रश्नाखाली काहींनी पोटाच्या रंगावरूनच "पिरान्हाच!" असा निकाल देऊन टाकलाय. मासा रंगावरून ओळखायला गेलं की असंच होतं. रूपचंद हा पिरान्ह्याचा भाऊबंदच, मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या ॲमेझॉन आणि ओरिनोको नद्यांच्या खोऱ्यातला. लहानपणी त्याचं पोट पिरान्ह्यासारखंच लालभडक असतं, मोठा होत जातो तसा रंग उतरून अंग करडं पडतं. म्हणजे एकाच तळ्यातले दोन रूपचंद शेजारी ठेवले तरी ते दोन वेगळे मासे वाटू शकतात.

तोंड मात्र फसवत नाही. कोणताही अनोळखी मासा लागला की आधी तोंड बघा, तो काय खाऊन जगतो ते तिथेच कळतं. पिरान्ह्याचे दात त्रिकोणी, धारदार, वर एक ओळ, खाली एक ओळ, मिटल्यावर एकमेकांत घट्ट बसणारे. मांसाचा लचका तोडायला केलेले. रूपचंदाचे दात चौकोनी नि बोथट, आणि वरच्या जबड्यात त्यांच्या दोन ओळी. बाजारात मी एकदा मासेवाल्याला दाखव म्हटलं, तर त्याने सुरीच्या टोकाने ओठ वर केला. पुढचे दात पिवळट, रुंद, मधे किंचित फट, आणि त्यांच्या मागे आणखी दोन चपटे दात दडलेले. शेजारी उभ्या असलेल्या बाईंनी त्या दिवशी रूपचंद न घेता रोहू घेतला.

हे दात दळण्यासाठी आहेत. तिकडे ॲमेझॉनच्या खोऱ्यात पावसाळ्यात नद्या जंगलात शिरतात, झाडांवरची फळं आणि टणक बिया पाण्यात पडतात, त्या फोडून हा खातो. तुमचा स्पिनर (पाण्यात गरगरणारं धातूचं खोटं आमिष) दुपारभर फिरवूनही काही लागलं नाही आणि संध्याकाळी कणकेची गोळी लावल्यावर पाचच मिनिटांत दोरी ताणली, यात म्हणूनच नवल नाही. गळ काढताना बोट मात्र आत घालू नका, पक्कड वापरा. बी फोडणाऱ्या जबड्याला बोट जड नाही.

अजून एक खूण पाठीवर आहे. पाठीवरचा मोठा पर आणि शेपटी यांच्या मधे एक छोटा, मांसल, काटे नसलेला पर दिसेल. रोहू, कतला, मृगळ, तिलापिया यांना तो नसतो. पापलेटलाही नसतो. हे मुद्दाम सांगतोय, कारण काही ठिकाणी रूपचंदच पापलेट म्हणून ताटात येतो. अख्खा तळलेला मासा समोर आला तर शेपटीच्या अलीकडे बघा आणि ओठ जरा वर करा. समुद्रापासून इतक्या लांब राहून पापलेटच्या भावात रूपचंद का खायचा?

तो यशवंत सागरात आला कुठून? मत्स्यशेतीवाले त्याला पाळतात, कारण झटपट वाढतो आणि कसलंही खाद्य चालतं. जोराचा पाऊस झाला की शेततळं काठोकाठ भरून वाहतं, त्याबरोबर मासेही नाल्यात आणि नाल्यातून तलावात. दुसरी वाट आपल्या घरातून जाते. दुकानातून बोटभर लांबीचे "लाल पोटवाले" आणायचे, वर्षभरात काचेची टाकी पुरेनाशी झाली की पुण्यकर्म म्हणून तळ्यात सोडून द्यायचे. काच साफ करणारा काळा, चिलखती अंगाचा, खालच्या बाजूला तोंड असलेला सकर मासाही असाच देशभरातल्या नद्यांत पोचलाय. तो काठात बिळं करतो, जाळी फाडतो आणि बाजारात त्याला कुणी विचारत नाही. त्या मानाने रूपचंद निदान कढईत तरी जातो.

अमेरिकेतही हेच चालतं. बासच्या मागे तळ्यावर गेलेल्या माणसाच्या गळाला असला दातवाला मासा लागतो, पिरान्हा म्हणून बोभाटा होतो, आणि पुढे तो कुणीतरी टाकीतून सोडलेला निघतो.

आता तुमचा दुसरा प्रश्न, परत सोडू का? माझ्या मते नाही. यशवंत सागर गंभीर नदीवर आहे. गंभीर पुढे क्षिप्रेला, क्षिप्रा चंबळेला आणि चंबळ यमुनेला मिळते, म्हणजे हातोदच्या बाजूने सोडलेला मासा हिशेबाने गंगेपर्यंतचा प्रवासी. महूकडे चोरल धरणात सोडला तर तो नर्मदेच्या वाटेवर, आणि तिथे मध्य प्रदेशचा राज्यमासा महाशीर आधीच कमी होत चाललाय. आपण पाणलोटाच्या माथ्यावर राहतो भिया, इथून दोन्हीकडे उतार आहे. शिवाय यशवंत सागर 2022 पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा आहे आणि पश्चिम इंदूरला पिण्याचं पाणी तिथूनच येतं. तेव्हा मासा घरी न्या. पोटाकडची चरबी काढून टाका, हळद-मीठ-लिंबू लावून तासभर ठेवा आणि रव्यात घोळवून तळा. रश्श्यात मला तो फारसा आवडत नाही, तेलकट होतो.

एक कोरडी गोष्ट. मध्य प्रदेशात 16 जून ते 15 ऑगस्ट नदी-जलाशयांत मासेमारी बंद असते, तो विणीचा काळ. एरवीही अशा तलावांचा ठेका सहसा एखाद्या समितीकडे असतो, काठावर चौकशी करूनच बसा.

आणि बासचं म्हणाल तर व्हिडिओत दिसतो तो, अंगावर काळा पट्टा असलेला हिरवट मासा उत्तर अमेरिकेतला. आपल्या तलावांत तो नाही. हॉटेलात सी-बास म्हणून मिळतो तो बहुधा कोकणात ज्याला जिताडा म्हणतात तो मासा. तशी झडप, तसा झटका हवा असेल तर मरळच्या मागे लागा, इथले लोक त्याला सांवल म्हणतात. खोल पाणी सोडा. काठच्या पाणवनस्पतींच्या कडेने, सकाळी लवकर, रबरी बेडूक वरच्यावर उड्या मारत आणा. गळाच्या टोकांवर झाकण असलेला घ्या, म्हणजे वेलींत अडकत नाही. फक्त पाण्यावर बारीक नारिंगी पिल्लांचा गोळा वळवळताना दिसला तर तिथे बेडूक टाकू नका. आईबाप खालीच राखणीला असतात आणि चिडून हमखास झडप घालतात. ते गळाला गेले की तासाभरात बाकीचे मासे पिल्लं फस्त करतात.