कमी खर्चात बेसिन आणि त्याखालचे कपाट निवडताना पैसा कुठे लावावा

तुम्ही विचारले आहे की, बाथरूमचे काम नव्याने काढले आहे, बेसिनसाठी बाजूची भिंत आणि दाराची चौकट यांच्यामध्ये जेमतेम 75 सेंटिमीटर जागा मिळते आणि खर्चाला मर्यादा आहे, तर बेसिनसकट तयार व्हॅनिटी (बेसिन आणि त्याखालचे कपाट यांचा एकत्र संच) घ्यावी, की दगडी काउंटरवर वाडग्यासारखे टेबलटॉप बेसिन ठेवून खाली सुताराकडून कपाट करून घ्यावे. माझे स्पष्ट मत असे आहे की तुमच्या जागेत 60 सेंटिमीटर रुंदीची, वर एकसंध सिरॅमिक बेसिन असलेली तयार व्हॅनिटीच घ्यावी. बेसिन, काउंटर आणि कपाट वेगवेगळे घेतले की दगड कापणे, भोके पाडणे, पॉलिश करणे आणि सांधे भरणे अशी प्रत्येक कामाची मजुरी वाढत जाते आणि पाणी शिरू शकेल असा एक सांधाही जास्तीचा तयार होतो. जागा 75 असताना 75 चीच व्हॅनिटी घेण्याचा मोह टाळावा, कारण नवीन टाइल आणि त्यामागचा मसाला यांत बाजूचे दोन-तीन सेंटिमीटर सहज जातात, भिंती क्वचितच काटकोनात असतात, आणि भिंतीला चिकटलेल्या कपाटाचे दार पुरते उघडत नाही.

वस्तू पाहायला जाण्यापूर्वी चार मापे कागदावर लिहून घ्यावीत: तयार फरशीपासून सांडपाण्याच्या पाइपच्या मध्यापर्यंतची उंची, बाजूच्या भिंतीपासून त्याच मध्यापर्यंतचे अंतर, दोन अँगल कॉकमधले (भिंतीतून बेसिनच्या नळाला पाणी देणाऱ्या छोट्या कॉकमधले) अंतर, आणि हे कॉक भिंतीतून किती पुढे येतात. बेसिनच्या कामात अंदाजपत्रक कोलमडते ते बहुधा पाइप हलवावे लागल्यामुळे. भिंत फोडणे, जोड बदलणे आणि पुन्हा टाइल लावणे यांचा खर्च कधी कधी व्हॅनिटीच्या किमतीहूनही जास्त होतो. म्हणून पाइप आहेत तिथेच ठेवून त्यांना जुळणारी व्हॅनिटी शोधावी. ड्रॉवर असलेली व्हॅनिटी आवडली असेल, तर वरच्या ड्रॉवरला मागून यू आकाराची खाच आहे का ते उघडून पाहावे, कारण ट्रॅप (बेसिनखालचा, थोडे पाणी साठवून गटाराचा वास अडवणारा वळणाचा भाग) नेमका तिथेच येतो. खाच नसेल तर साधी दोन दारांची व्हॅनिटी घ्यावी; ती स्वस्तही असते आणि गळती झाल्यास आत हात घालणे सोपे जाते. व्हॅनिटीची खोली, म्हणजे पुढून मागच्या भिंतीपर्यंतचे माप, बहुधा 45 ते 50 सेंटिमीटर असते. तिच्यापुढे उभे राहायला 75 सेंटिमीटर मोकळी जागा मिळाली तर उत्तम, आणि 53 सेंटिमीटरपेक्षा कमी उरत असेल तर 35 ते 40 सेंटिमीटर खोलीचा अरुंद प्रकार निवडावा.

आता सांगाड्याविषयी, कारण स्वस्त व्हॅनिटी टिकणार की नाही हे इथेच ठरते. साधा पार्टिकल बोर्ड हा लाकडाचा भुसा व चुरा डिंकाने दाबून केलेला असतो. त्याच्या कडेतून एकदा पाणी शिरले की तो फुगतो आणि वाळल्यावरही मूळ जाडीवर येत नाही. साधा एमडीएफ (लाकडाचे बारीक तंतू दाबून केलेला बोर्ड) दिसायला गुळगुळीत असला तरी कडेने पाणी त्याच रीतीने पितो. ओलाव्याला तोंड देणारे बोर्ड त्याहून बरे, मरीन प्लाय (पाण्याला टिकणारा प्लायवुड) अधिक बरा, आणि पीव्हीसी (प्लास्टिकचे) किंवा डब्ल्यूपीसी (लाकूड आणि प्लास्टिक मिसळून केलेले) बोर्ड पाण्याने फुगत नाहीत. मात्र त्यांत स्क्रूची पकड प्लायपेक्षा कमी असते, त्यामुळे बिजागऱ्यांचे स्क्रू पुन्हा पुन्हा काढू-लावू नयेत. विक्रेता नुसते ‘वॉटरप्रूफ’ म्हणाला तर बोर्डाचे नाव विचारावे, आणि दार उघडून मागच्या फळीतले पाइपसाठीचे भोक पाहावे. बाहेरून कितीही चकचकीत लॅमिनेट असले तरी या भोकाच्या कडेवर आतला बोर्ड उघडा दिसतो, आणि ओलावा बहुतेक वेळा तिथूनच आत शिरतो. बसवण्यापूर्वी या उघड्या कडेला ऑइल पेंटचे दोन हात किंवा सिलिकॉनचा पातळ थर द्यायला सुताराला सांगावे. काम अगदी थोडक्या वेळाचे आहे, पण बहुतेक ठिकाणी ते राहून जाते. कपाट फरशीवर टेकणारे असेल तर त्याला 10 ते 15 सेंटिमीटर उंचीचे प्लास्टिकचे पाय असावेत, म्हणजे फरशी धुताना पाणी तळाला लागत नाही. बिजागऱ्या स्टेनलेस स्टीलच्याच घ्याव्यात.

भिंतीवर टांगायची व्हॅनिटी ओल्या बाथरूममध्ये मला अधिक योग्य वाटते, पण भिंत भरीव विटांची किंवा काँक्रीटची असेल तरच. पोकळ ब्लॉक किंवा जिप्सम बोर्डाच्या भिंतीत आतून आधाराची फळी किंवा चौकट आधीच बसवावी लागते, आणि काम नव्याने निघाले असताना ते करणे सोपे आहे. टाइल लागल्यावर नाही.

बेसिनच्या साहित्यात सिरॅमिकला, त्यातही व्हिट्रियस प्रकाराला, स्वस्तात तोड नाही. सुमारे 1200 अंश सेल्सिअसला भाजलेले हे भांडे अर्ध्या टक्क्याहून कमी पाणी शोषते, आणि त्यावरची झिलई साबण, टूथपेस्ट व साधी सफाईची द्रव्ये सहन करते. कृत्रिम संगमरवराचे एकसंध बेसिन दिसायला सुरेख असते आणि किंमतही परवडते, पण त्यावरचा जेलकोटचा, म्हणजे चकचकीत रेझिनचा, पातळ थर खरखरीत पावडरने घासला की निस्तेज होतो. खऱ्या संगमरवरावर लिंबू किंवा ॲसिड पडले की डाग उठतो, कारण तो मुळात कॅल्शियम कार्बोनेट आहे. काचेचे बेसिन कमी खर्चाच्या यादीतून सरळ वगळावे, कारण त्यावर पाण्याचा प्रत्येक थेंब डाग सोडतो.

टेबलटॉप बेसिनच घ्यायचे ठरले, तर उंचीचा हिशेब नीट करावा. बेसिनची वरची कड फरशीपासून 80 ते 85 सेंटिमीटरवर सोयीची पडते, आणि उंच माणसांना 90 पर्यंत चालते. वाडग्याचीच उंची 12 ते 15 सेंटिमीटर असल्यामुळे काउंटर 70 च्या आसपास खाली आणावा लागतो, कपाटातली जागा तेवढी घटते, आणि ट्रॅपचे तोंड भिंतीतल्या पाइपच्या खाली जाण्याची शक्यता निर्माण होते. तसे झाले तर पाणी तुंबणारच. शिवाय उंच नळ लागतो, आणि तो साध्या नळापेक्षा महाग असतो.

नळ घेण्यापूर्वी बेसिनला नळासाठी किती भोके आहेत ते पाहावे. एकच 35 मिलिमीटरचे भोक असेल तर एका दांड्याचा मिक्सर बसतो. तीन भोकांच्या बेसिनला चार किंवा आठ इंच अंतराचा संच लागतो. नळाची धार बेसिनच्या उतारावर न पडता जाळीच्या जवळ पडायला हवी, नाहीतर समोरच्याच्या कपड्यांवर शिंतोडे उडतात.

वेस्ट कपलिंगकडे, म्हणजे बेसिनच्या तळाच्या भोकात बसणाऱ्या निचऱ्याच्या जोडाकडे, बहुतेक जण दुर्लक्ष करतात. बेसिनच्या आतल्या भिंतीत वरच्या बाजूला ओव्हरफ्लोचे छोटे भोक असेल, तर कपलिंगच्या अंगावर खाच हवी, म्हणजे ओव्हरफ्लोचे पाणी त्यातून निचऱ्यात जाते. ओव्हरफ्लो नसलेल्या बेसिनला, आणि बहुतेक टेबलटॉप बेसिन तशीच असतात, बिनखाचेचे कपलिंग लावावे. खाचेचे लावले तर पाणी आट्यांवर उतरते आणि खालचा वॉशर जरा जरी सैल पडला तरी थेट कपाटात ठिबकते. कपलिंगखाली पन्हाळीदार वेस्ट पाइप वाकवून जोडण्याची रीत सर्वत्र दिसते. त्या वळ्यांत केस आणि साबणाचा गाळ अडकतो आणि वळण सरळ झाले की पाण्याचा अडसर जाऊन दुर्गंधी येऊ लागते. त्याऐवजी तळाची वाटी फिरवून काढता येईल असा बॉटल ट्रॅप घ्यावा आणि त्यात निदान 50 मिलिमीटर उंचीचे पाणी साठून राहते याची खात्री करावी. ट्रॅप, कपलिंग आणि अँगल कॉक यांत काटकसर करू नये.

काटकसर करायची जागा वेगळी आहे. आरसा व्हॅनिटीच्या संचात न घेता काचवाल्याकडून कापून घ्यावा, मुठी साध्या घ्याव्यात, आणि मांडणीतला नमुना किंवा बंद होणारा रंग सवलतीत मिळतो का ते विचारावे. मांडणीतले बेसिन घेताना बोटाच्या पेराने ठिकठिकाणी टिचकी मारून पाहावी; अखंड सिरॅमिक खणखणीत वाजते, तडा असेल तर आवाज बोदा येतो. मागच्या कडेला सरळ पट्टी लावून ती भिंतीला सपाट बसेल का तेही पाहावे, कारण भाजताना सिरॅमिक किंचित वाकते आणि मोठी फट सिलिकॉनने नीट भरत नाही.

बसवल्यावर बेसिन आणि भिंत यांच्यामध्ये बुरशीरोधक सॅनिटरी सिलिकॉन भरून त्याला 24 तास पाणी लागू देऊ नये. त्यानंतर बेसिन काठोकाठ, ओव्हरफ्लो असेल तर त्याच्यापर्यंत, भरून एकदम सोडावे आणि पाणी जात असताना खालच्या प्रत्येक जोडावर कोरडा कागद फिरवावा. कागद कुठेही ओला झाला, तर प्लंबर घरात असतानाच तो जोड पुन्हा आवळून घ्यावा.