बिल्ड लावलं की मशीन अडकते? आधी रॅम मोज

भाऊ, कोडचा प्रोग्राम बनवताना, म्हणजे बिल्ड करताना, मेक या साधनाला नुसतं 'मेक -जे' (make -j) लिहू नको. पुढे आकडा नसला तर मेक एकाच वेळी किती जॉब (कंपाइलसारखी एकेक कामं) सुरू करायचे याला मर्यादाच ठेवत नाही. आकडा कोअर बघून नाही, रॅम बघून ठरव. सी प्लस प्लसच्या जड फाइलला एका जॉबमागे दीड-दोन जीबी धर. ८ कोअर आणि ८ जीबी रॅम असेल तर '-जे ८' नाही, '-जे ३' किंवा फार तर ४. यापुढे गेलास की स्वॅप (रॅम संपल्यावर डिस्क वापरणं) सुरू होतो, माउस हलत नाही आणि शेवटी कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) कंपायलरलाच मारतो. लॉगमध्ये 'किल्ड' (Killed) दिसलं तर कोडमध्ये चूक शोधत बसू नको.

सोबत '-एल ७' (-l 7) दे. लोड, म्हणजे सीपीयूवर चालू आणि रांगेत असलेली कामं, तेवढा झाला की मेक नवा जॉब थांबवतो, चालू असलेले मात्र तसेच राहतात. जुन्या मेकमध्ये (४.४ च्या आधी) लोडचा आकडा मिनिटभराची सरासरी असल्याने उशिरा वाढतो, म्हणून '-जे'ची मर्यादा हवीच. निंजा हे मेकसारखंच दुसरं साधन तर न सांगताच कोअरपेक्षा दोन जास्त जॉब घेतो, तिथेही '-जे' स्वतः दे.

लिंकिंग, म्हणजे कंपाइल झालेले तुकडे जोडणं, वेगळं प्रकरण. मोठ्या प्रोजेक्टात एकच लिंकर कितीतरी जीबी खातो, त्यामुळे सीमेकमध्ये (मेक किंवा निंजासाठी फाइली तयार करणारं साधन), निंजा वापरत असशील तर, लिंकसाठी एका जॉबचा वेगळा पूल (जॉबची वेगळी मर्यादा) कर.

बिल्ड चालू असताना काम करायचं असेल तर कमांडच्या आधी 'नाइस -एन १९' (nice -n 19) लाव. त्याने बिल्ड सीपीयूच्या रांगेत मागे जातं, रॅम मात्र वाचत नाही.

आणि नागपूरच्या मे महिन्यात, पारा ४५ च्या आसपास असताना, लॅपटॉप तापून सीपीयू स्वतःच वेग उतरवतो. दुपारी एखादा जॉब कमी ठेव, वेळेत फारसा फरक पडणार नाही.