वरच्या अंगाला रिसॉर्ट, खालच्या विहिरीचं काय?

वाचकांचे प्रश्न
उत्तरं : निवृत्त भूकरमापक, नाशिक

प्रश्न : आमचं गाव इगतपुरी तालुक्यात, डोंगराच्या पायथ्याला, सव्वाशे उंबऱ्यांचं. गेल्या काही वर्षांत शिवारात पाच रिसॉर्ट आणि बंगल्यांच्या दोन स्कीम झाल्या. आता वस्तीच्या वरच्या अंगाला, उतारावर, पोकलेन लावून आणखी एका रिसॉर्टसाठी सपाटीकरण चाललंय. पूर्वी एप्रिलअखेर पुरणारी गावविहीर यंदा शिमग्यालाच तळाला गेली. बोललं की सरपंच म्हणतात, पोरांना काम मिळतंय ते बघा. जमिनी विकणारे आमचेच भाऊबंद, त्यामुळे घरातही बोलायची चोरी. सुरुवात कुठून करावी?
– एक भगिनी, इगतपुरी तालुका

उत्तर : ताई, सुरुवात भाऊबंदांपासूनच करा. माझी बहुतेक नोकरी इगतपुरी आणि त्र्यंबक तालुक्यांत मोजणी करण्यात गेली. हौसेनं जमीन काढलेला खातेदार मला क्वचितच भेटला. कुणी पोरीच्या लग्नासाठी विकली, कुणी दवाखान्याच्या बिलासाठी, कुणी भातशेती परवडेना म्हणून. त्यांना ग्रामसभेत आरोपी करून उभं केलंत तर पहिल्याच बैठकीत गाव दुभंगेल, आणि बाहेरून येऊन बांधणाऱ्याचं काम सोपं होईल. जमीन विकली तरी गावाचं पाणी कुणी विकलेलं नाही, एवढंच त्यांच्याशी बोला. त्यांच्याही घरी हंडा त्याच विहिरीवरून येतो.

मग पाण्याचा हिशेब मांडा. तुमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, त्यामुळे मुंबईच्या माणसाला वाटतं की इथे पाण्याला काय तोटा! पण खाली काळा पाषाण आहे. त्यात पाणी मुरतं ते भेगांत आणि वरच्या मुरमाच्या थरात. बाकीचं पावसाळ्यातच दारणेला नाहीतर वैतरणेला वाहून जातं. उतारावरचा मुरूम आणि त्यावरची झाडी हीच तुमच्या विहिरीची टाकी. पोकलेन नेमका तोच थर खरवडतंय. त्यात वरच्या बाजूला खोल बोअर झाले की खालच्या झऱ्याला उरतं काय?

आता आकडे. हॉटेलसाठी भारतीय मानकात दर खाटेमागे दिवसाला १८० लिटर पाणी धरतात. ४० खोल्या, ८० खाटा धरल्या तर रोजचे १४,४०० लिटर. जलजीवन मिशनमध्ये खेड्यातल्या माणसाला रोज ५५ लिटर धरलेत. म्हणजे रिसॉर्ट भरलेलं असेल त्या दिवशी ते २६० माणसांचं पाणी वापरतं, तुमचं जवळजवळ निम्मं गाव! १० बाय ५ मीटरचा, दीड मीटर खोल तरणतलाव भरायला ७५,००० लिटर वेगळे, हिरवळीचं पाणी वेगळं. वापरलेल्या पाण्याचं साधारण ८० टक्के सांडपाणी होतं, म्हणजे रोज साडेअकरा हजार लिटर, आणि तेही विहिरीच्या वरच्या अंगाला. त्याची सोय काय केली आहे? प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती घेतली आहे का? हे लेखी विचारा.

सरपंचांचा मुद्दा खोटा नाही. माळी, वेटर, राखणदार म्हणून पोरं लागतात. किती लागली, किती पगारावर आणि पावसाळी हंगाम संपल्यावर त्यातली किती टिकली, हेही त्याच कागदावर पाण्याच्या आकड्याशेजारी लिहा. दोन्ही आकडे समोर ठेवल्यावर गावाला ठरवू द्या.

कागद गोळा करायचे ते असे. सातबारा आणि फेरफार तलाठ्याकडून, गावनकाशा आणि गटनकाशा भूमी अभिलेखमधून, झोन दाखला नगररचना कार्यालयातून. गाव नाशिक महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या हद्दीत येत असेल तर बांधकाम परवानगीची चौकशी तिथे करा. फेरफारात जुना खातेदार आदिवासी दिसला तर थांबून नीट वाचा. महसूल संहितेच्या कलम ३६-अ प्रमाणे अशी जमीन परवानगीशिवाय बिगरआदिवासीला जात नाही.

गावनकाशावर ओहोळाची रेघ शोधा. सपाटीकरणात सगळ्यात आधी ओहोळ बुजतो आणि दोन पावसाळ्यांनी तो तिथे होता हे कुणाला आठवतही नाही, याचं मला फार वाईट वाटतं. मोजणीला गेल्यावर नकाशात ओहोळ आणि जागेवर पार्किंग, असं मी पाहिलेलं आहे. त्याच संहितेच्या कलम २० प्रमाणे ओढे-नाले सरकारचे. गट विकत घेतला म्हणून ओहोळ बुजवता येत नाही. तहसीलदारांकडे अर्ज करताना नकाशाची प्रत जोडा आणि त्यावर लाल पेनानं ती जागा दाखवा.

उताराचंही तसंच. राज्याची २०२० ची एकत्रित विकास नियमावली सांगते की १:५ पेक्षा तीव्र उतारावर बांधकाम करता येत नाही, कापणी-भरणीही नाही. पाच मीटर आडवं गेल्यावर एक मीटर चढ, तो हा उतार. गवंड्याकडची पाण्याची लेव्हल-नळी आणि टेप घेऊन शेजारच्या न खणलेल्या जागेवर तुम्ही स्वतः मोजू शकता. फोटो काढा, तारीख टाका. काम उतार सपाट होण्याआधी करा. नंतर पुरावा उरत नाही. मुरूम डंपरनं बाहेर जात असेल तर गौण खनिजाचा परवाना मागा. विनापरवाना उत्खननाला बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड आहे.

गावविहीर सार्वजनिक पाणीपुरवठ्याची असेल तर भूजल कायद्याप्रमाणे तिच्यापासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय नवी विहीर किंवा बोअर घेता येत नाही. अंतर मोजून ठेवा.

हे सगळं ग्रामसभेत वाचा आणि ठराव प्रोसिडिंग बुकात लिहून घ्या. तोंडी विरोधाला सरकारदरबारी किंमत नाही. बायकांची संख्या जास्त असू द्या, कारण हंडे त्या वाहतात. परवानगीच्या प्रती नाकारल्या तर माहिती अधिकारात दहा रुपयांचा अर्ज, ३० दिवसांत उत्तर. बांधकाम २०,००० चौरस मीटरच्या वर जात असेल तर पर्यावरण मंजुरीही लागते, ती आहे का पाहा. हरित लवादाचं खंडपीठ पुण्यात आहे, पण तक्रारीचं कारण घडल्यापासून सहा महिन्यांत जावं लागतं. ५ जून २०२५ ला समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला. मुंबई आणखी जवळ आली आहे, तेव्हा पुढच्या पावसाळ्याची वाट पाहत बसू नका.

प्रश्न : आमच्या खाचरांकडे जाणारी वहिवाटीची गाडीवाट नव्या बंगल्याच्या कुंपणात गेली. मालक म्हणतात, सातबाऱ्यावर रस्त्याची नोंद दाखवा. नोंद नाही. आता काय?
– एक शेतकरी, त्र्यंबकेश्वर तालुका

उत्तर : नोंद नसली तरी वहिवाट असते. मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदारांकडे दावा लावा. शेताची वाट अडवली किंवा शेतातून शेजारच्या जमिनीत उतरणारा पाण्याचा नैसर्गिक प्रवाह अडवला, तर अडथळा काढण्याचा अधिकार त्यांना आहे. मुदत सहा महिन्यांची, आणि ती वाट अडवल्या दिवसापासून मोजतात. भले मालक चहा पाजून ‘बसून मिटवू’ म्हणत असतील, दावा आधी दाखल करा. मिटलं तर मागे घेता येतो. शेजारच्या खातेदारांचे जबाब घ्या आणि स्थळपाहणीला स्वतः हजर राहा.

प्रश्न : शनिवारी रात्री दोनपर्यंत रिसॉर्टचा डीजे चालतो. घरात दहावीची मुलगी आहे.
– एक पालक, इगतपुरी

उत्तर : ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद. दहा वाजून गेले की ११२ ला फोन करा आणि तक्रारीचा क्रमांक लिहून ठेवा. दर शनिवारी करा, शेजाऱ्यांनाही करायला सांगा. चार-पाच क्रमांक जमले की ते जोडून पोलीस ठाण्यात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. परीक्षेची तारीख अर्जात जरूर लिहा.